प्रोस्टेट कर्करोगाची वाढ आणि मायक्रोआरएनए : प्रयोगशाळेपासून सार्वजनिक आरोग्यापर्यंत

उतारवयातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे स्थान जगभर वरचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ९७ हजार रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे ३८ हजार, तर मृत्यूंची संख्या सुमारे १८ हजार होती. लोकसंख्येच्या मानाने भारतातील या रोगाचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू चिंताजनक आहे. जगात दर १०० नव्या रुग्णांमागे सुमारे २७ मृत्यू नोंदले जातात. भारतात हेच प्रमाण सुमारे ४८ आहे.

या फरकाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. पाश्चात्य देशांत रक्तचाचणीद्वारे असे असंख्य रुग्ण शोधले जातात, की ज्यांना या रोगाचा त्रास आयुष्यात कधी झालाही नसता. त्यामुळे तेथील रुग्णसंख्या फुगते आणि मृत्यूंचे प्रमाण कमी दिसते. भारतात याउलट स्थिती आढळते. कंबरदुखी किंवा लघवीचा त्रास हा वार्धक्याचा भाग मानून अंगावर काढला जातो आणि रोग हाडांपर्यंत पोहोचल्यावर अनेकांचे निदान होते. म्हणजे एकीकडे निरुपद्रवी गाठी फार मोठ्या संख्येने सापडतात, तर दुसरीकडे घातक गाठी फार उशिरा सापडतात. या दोन्ही अडचणींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कोणती गाठ वाढणार आणि कोणती स्वस्थ राहणार? गेल्या दोन दशकांत मायक्रोआरएनए या अतिसूक्ष्म रेणूंच्या अभ्यासाने या प्रश्नाला नवी दिशा दिली आहे. या ज्ञानाचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि भारतासारख्या देशाने त्यावर किती व कसा खर्च करावा, यांचा विचार येथे केला आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने जनुकीय माहिती साठवलेली असते. एखाद्या जनुकातील माहितीची प्रत संदेशवाहक आरएनएच्या रूपाने तयार होते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्या आधारे प्रथिन बनते. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे रक्कम खर्च होतेच असे नाही. मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यामध्ये नियंत्रणाची एक यंत्रणा असते. पेशीतही संदेश निघाला म्हणजे प्रथिन तयार झालेच असे नसते. त्या दोहोंच्या मध्ये नियंत्रण ठेवणाऱ्या घटकांपैकी मायक्रोआरएनए हा एक महत्त्वाचा घटक होय.

मायक्रोआरएनएची लांबी साधारणपणे २२ न्यूक्लिओटाइड्स इतकीच असते. प्रथम त्याचा लांब पूर्वरूप रेणू तयार होतो. केंद्रकातील ड्रोशा हे विकर त्याला छाटते आणि केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर हे दुसरे विकर त्याला अंतिम आकार देते. हा लहानसा रेणू मग आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या साहाय्याने आपल्याशी जुळणारा मजकूर असलेल्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो. परिणामी तो संदेश नष्ट होतो किंवा त्यावरून प्रथिन बनण्याचे काम मंदावते. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांच्या संदेशांवर नियंत्रण ठेवू शकतो आणि एकाच जनुकाच्या संदेशावर अनेक मायक्रोआरएनएंचा प्रभाव असू शकतो.

या रेणूचा शोध कर्करोगाच्या संशोधनातून लागला नाही. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीच्या वाढीचा अभ्यास करताना अमेरिकेतील व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए सापडला, तर गॅरी रुव्हकुन यांनी तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशावर कसा परिणाम करतो हे दाखवले. हे दोन्ही निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कृमीपुरता मर्यादित प्रकार असावा, असाच त्या वेळी अनेकांचा समज होता. २००० मध्ये लेट-७ या दुसऱ्या रेणूचा शोध लागला आणि तो मानवासह अनेक प्राण्यांमध्ये असल्याचे दिसून आले. त्यानंतर या क्षेत्राकडे संशोधकांचा ओघ सुरू झाला. मानवात असे हजाराहून अधिक रेणू असल्याचे आता ज्ञात आहे. अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना या शोधासाठी २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तात्काळ उपयोग दिसत नसलेल्या मूलभूत संशोधनावरील खर्च कसा फळाला येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

वाढीवरील लगाम कसा सुटतो?

निरोगी पेशी गरजेनुसार विभागतात, गरज संपली की थांबतात आणि बिघडल्यास स्वतःहून नष्ट होतात. कर्करोगात ही शिस्त मोडते. मायक्रोआरएनएच्या संदर्भात हे दोन प्रकारांनी घडते. वाढीस आवर घालणारे काही रेणू कमी होतात किंवा नाहीसे होतात. तर वाढ रोखणाऱ्या जनुकांनाच गप्प करणारे काही रेणू अवाजवी वाढतात.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही जोडी. मायक्रोआरएनएंच्या नावांतील ‘मिर’ हे त्यांच्या नामाचे संक्षिप्त रूप आहे. या जोडीची जनुके तेराव्या गुणसूत्रावर असतात. रक्ताच्या एका कर्करोगात हा भाग गळून गेलेला असतो, हे २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले. मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा संबंध स्पष्ट करणारा तो पहिला पुरावा होता. पुढे २००८ मध्ये इटलीतील संशोधकांनी प्रोस्टेटच्या कर्करोगातही ही जोडी घटलेली असते, असे दाखवून दिले. ती घटली की पेशीला मरणापासून वाचवणारे, तिच्या विभाजनाला चालना देणारे आणि वाढीचे संकेत पोहोचवणारे अशी तीन प्रकारची प्रथिने एकाच वेळी वाढतात. एक लगाम तुटला आणि तीन घोडे उधळले, असा हा प्रकार आहे.

मिर-१०१ चे उदाहरण याहून अधिक उद्बोधक आहे. पेशीत ईझेडएच२ नावाचे एक विकर असते. ते इतर अनेक जनुकांना कुलूप लावण्याचे काम करते. मिर-१०१ या विकराचे प्रमाण मर्यादेत ठेवतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्रंथीपुरत्या मर्यादित असलेल्या १६ पैकी ६ गाठींमध्ये मिर-१०१ च्या जनुकाची एक किंवा दोन्ही प्रती गहाळ होत्या. शरीरात अन्यत्र पसरलेल्या ३३ पैकी २२ गाठींत हीच स्थिती आढळली. रोग जसजसा पुढे सरकतो तसतसे नियंत्रण अधिकाधिक ढासळते, याचा हा संकेत होता. नमुने थोडे असले तरी ‘कोणती गाठ वाढणार’ या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

दुसऱ्या प्रकारात मिर-२१ चा उल्लेख करावा लागेल. पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने हा रेणू प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींत वाढतो आणि वाढीला पायबंद घालणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण घटवतो. तथापि प्रत्येक रेणूवर ‘हितकारक’ किंवा ‘घातक’ असा कायमचा शिक्का मारता येत नाही. मिर-२२१ हा रेणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींच्या वाढीला मदत करतो, असे २००७ मध्ये दिसले होते. परंतु रुग्णांच्या प्रत्यक्ष गाठींच्या २०१० च्या अभ्यासात, रोग जितका आक्रमक तितके त्याचे प्रमाण कमी, असे आढळले. काचपात्रातील पेशी आणि माणसाच्या शरीरातील गाठ यांत अंतर असते, हे यातून ध्यानात येते. एखाद्या प्रयोगाच्या आधारे चाचणी किंवा औषध बाजारात आणण्याची घाई का करू नये, याचेही उत्तर येथेच मिळते.

भारतीय संशोधनाचे योगदान

या क्षेत्रात भारतातील संशोधकांनीही मोलाची भर घातली आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. बुशरा अतीक यांच्या गटाने प्रोस्टेट कर्करोगाच्या एका आक्रमक उपप्रकाराचा अभ्यास केला. या उपप्रकारात स्पिंक-१ नावाचे प्रथिन अवाजवी प्रमाणात तयार होते. त्याला आवर घालणारे मिर-३३८-५पी आणि मिर-४२१ हे दोन रेणू अशा गाठींत मूक झालेले असतात आणि त्यांना मूक करण्यात ईझेडएच२ याच विकराचा हात असतो, असे या गटाने २०१९ मध्ये दाखवले. म्हणजे ज्या विकरावर एक मायक्रोआरएनए नियंत्रण ठेवतो, तेच विकर मोकाट सुटल्यावर दुसऱ्या मायक्रोआरएनएंना बंद पाडते. साखळीतील हा दुवा समजल्याने, ही कुलुपे उघडणाऱ्या औषधांचा या विशिष्ट रुग्णगटासाठी विचार करणे शक्य झाले आहे. डॉ. अतीक यांना २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

अशा संशोधनाचे आणखी एक कारणाने महत्त्व आहे. कर्करोगाच्या जनुकीय स्वरूपाविषयीची जगातील बहुतांश माहिती युरोपीय वंशाच्या रुग्णांकडून आलेली आहे. तेथे बेतलेली चाचणी भारतीय रुग्णांना जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

रक्तातील खूण आणि चाचणीचे गणित

मायक्रोआरएनएविषयी सर्वाधिक आशा निर्माण झाली ती २००८ मध्ये. अमेरिकेतील सिअॅटल येथील संशोधकांनी असे दाखवले, की हे रेणू रक्तद्रवातही आढळतात आणि तेथे बराच काळ टिकून राहतात. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे २५ रुग्ण आणि २५ निरोगी पुरुष यांच्या रक्ताची तुलना केली असता, मिर-१४१ चे प्रमाण रुग्णांमध्ये लक्षणीयरीत्या अधिक होते. पुढे मिर-३७५ सह अनेक रेणूंबाबत असेच निष्कर्ष पुढे आले. सुई टोचून ग्रंथीचे तुकडे काढण्याऐवजी थोड्याशा रक्तावरून किंवा लघवीवरून रोगाचा स्वभाव कळू शकेल, ही कल्पना साहजिकच आकर्षक आहे.

तरीही प्रोस्टेट कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारपद्धतीत अशा चाचणीला अद्याप प्रस्थापित स्थान मिळालेले नाही. रक्ताचा नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील मायक्रोआरएनए मिसळून मोजणी बिघडते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने निष्कर्ष जुळत नाहीत. अनेक अभ्यासांतील रुग्णसंख्या अल्प आहे. शिवाय पसरलेला रोग ओळखणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी सुरुवातीच्या अवस्थेतील दोन सारख्या दिसणाऱ्या गाठींमधील फरक सांगण्यात आहे.

याशिवाय चाचणीचे एक साधे अंकगणित असते आणि धोरणात त्याचा अनेकदा विसर पडतो. समजा, एखादी चाचणी आजारी व्यक्तींपैकी ९० टक्के अचूक ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांना निरोगी ठरवते. एक हजार पुरुषांमध्ये १० जणांना रोग असेल तर चाचणी त्यांतील ९ जणांना हुडकेल; पण त्याच वेळी ९९० निरोगी पुरुषांपैकी ९९ जणांना रोगी ठरवेल. म्हणजे रोगी ठरलेल्या दर १२ जणांपैकी प्रत्यक्षात एकालाच रोग असेल. हीच चाचणी लक्षणे असलेल्या, प्राथमिक तपासणीतून आलेल्या एक हजार जणांवर केली आणि त्यांतील २०० जणांना खरोखर रोग असेल, तर रोगी ठरलेल्या दर १० पैकी सुमारे ७ जणांचे निदान खरे ठरेल. चाचणी तीच, किंमतही तीच. परंतु ती कोणावर केली जाते यावर तिचे मोल ठरते.

पीएसए चाचणीचा धडा

हे गणित केवळ कागदावरचे नाही. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या पीएसए या प्रथिनाच्या रक्तचाचणीला रोगनिदानास साहाय्य म्हणून अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे तेथे तिचा सरसकट वापर झाला. हे प्रथिन ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही वाढते. परिणामी लाखो पुरुषांच्या ग्रंथीचे तुकडे तपासले गेले. मंदगतीच्या गाठींवरही शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले आणि लघवीवरील ताबा जाणे, लैंगिक दुर्बलता यांसारखे त्रास अनेकांच्या वाट्याला आले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने सरसकट चाचणीच्या विरोधात शिफारस केली. २०१८ मध्ये ती बदलून ५५ ते ६९ वयोगटातील पुरुषाने डॉक्टरांशी चर्चा करून स्वतः निर्णय घ्यावा, असे सुचवले.

ही चाचणी निरुपयोगी होती असे मात्र नाही. युरोपातील मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. दर ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. ब्रिटनमधील दुसऱ्या अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला. केवळ देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी काहीही केले तरी या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३ टक्केच राहिले. मात्र देखरेखीखालील गटात रोग पसरण्याचे प्रमाण ९.४ टक्के, तर उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के होते. बहुतेकांना उपचाराची घाई नव्हती, पण थोड्यांना ती होती. ते थोडे कोण, हे आधी सांगता आले तर मायक्रोआरएनएच्या ज्ञानाचे खरे सार्थक होईल.

औषधाचा मार्ग

हरवलेला मायक्रोआरएनए बाहेरून परत देता येईल का, हाही प्रश्न संशोधकांपुढे आहे. मिर-३४ए हा रेणू प्रोस्टेट कर्करोगाच्या मूळपेशींना रोखतो, असे २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले होते. त्याची कृत्रिम प्रत स्निग्ध आवरणात घालून विविध कर्करोगांच्या रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मात्र रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणाम उद्भवल्याने ती २०१६ मध्ये थांबवावी लागली. एक रेणू अनेक जनुकांवर परिणाम करतो, हेच त्याचे बळ आणि हाच त्याचा धोका आहे. औषध नेमक्या पेशींपर्यंत पोहोचवण्याचे तंत्र परिपक्व होईपर्यंत हा मार्ग दीर्घ पल्ल्याचा आहे, असेच म्हणावे लागेल.

भारतासाठी प्राधान्यक्रम

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि ती सातत्याने वाढत आहे. त्यामुळे या रोगाचा भारही वाढणार, हे उघड आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणीची तरतूद आहे. प्रोस्टेटचा त्यात समावेश नाही. वरील विवेचन पाहता सरसकट तपासणीचा आग्रह धरणे उचित ठरणार नाही. त्याऐवजी लक्षणे असलेल्या वृद्ध पुरुषाला वेळेवर योग्य ठिकाणी पाठवणारी साखळी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उभारणे अधिक फलदायी होईल.

येथे आर्थिक संरक्षणातील एक पोकळी लक्षात घ्यावी लागते. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ खुला करण्यात आला. या रोगाचे रुग्ण बहुतांशी वयोवृद्ध असल्याने हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु या योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. दाखल होण्यापूर्वीच्या तीन आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च तिच्यात येतो. निदानापूर्वीच्या तपासण्या आणि वर्षानुवर्षांची देखरेख हा मुख्यतः बाह्यरुग्ण विभागाचा खर्च आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात नागरिकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब आहे. तरीही हा वाटा मोठाच आहे. देखरेखीचा खर्च झेपत नाही म्हणून एखादा रुग्ण अनावश्यक शस्त्रक्रियेचा पर्याय निवडत असेल, किंवा तपासणीच टाळत असेल, तर विम्याची रचनाच चुकीच्या निर्णयाला उत्तेजन देते, असे म्हणावे लागेल.

या पार्श्वभूमीवर चार बाबी अग्रक्रमाने हाती घेणे आवश्यक आहे. पहिली, जिल्हा पातळीवर गाठीच्या तुकड्यांची विश्वासार्ह सूक्ष्मदर्शक तपासणी. तिच्याशिवाय मायक्रोआरएनएची कोणतीही चाचणी अधांतरी राहील. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या जिल्हा रुग्णालयांतील कर्करोग दिवसोपचार केंद्रांना ही सेवा जोडता येईल. दुसरी, कर्करोग नोंदणीचा विस्तार. मुंबईत १९६० च्या दशकात आणि ग्रामीण भागासाठी बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या नोंदणीने या कामाचे मोल सिद्ध केले आहे. तिसरी, संमतीने जतन केलेल्या भारतीय नमुन्यांचे कोश आणि नमुने हाताळण्याची समान पद्धती. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालये यात पुढाकार घेऊ शकतात. चौथी, नव्या चाचणीला सार्वजनिक निधी देण्यापूर्वी तिचे आरोग्य-तंत्रज्ञान मूल्यमापन. चाचणीमुळे उपचाराचा निर्णय किती रुग्णांच्या बाबतीत बदलला आणि त्यातून किती हानी टळली, हाच त्या मूल्यमापनाचा निकष असावा.

समारोप

मायक्रोआरएनएच्या अभ्यासाने प्रोस्टेट कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. गाठीची वाढ ही अनेकदा हरवलेल्या नियंत्रणाची कहाणी असते आणि त्या हरवलेल्या नियंत्रणाच्या खुणा मोजता येतात, हे आता स्पष्ट झाले आहे. मात्र माहितीचे मोल तिच्यावर आधारलेल्या कृतीत असते. ज्या रुग्णाला उपचारांची गरज नाही त्याला शस्त्रक्रियेच्या मेजापासून दूर ठेवणे आणि ज्याला ती आहे त्याच्यापर्यंत रोग हाडांत पोहोचण्यापूर्वी जाणे, या दोन्ही गोष्टी साधणारी चाचणीच सार्वजनिक पैशाला पात्र ठरेल. ती येईपर्यंत मूलभूत संशोधनाला आधार देणे आणि निदान, नोंदणी व उपचार यांचा पाया भक्कम करणे, ही दोन्ही कामे हातात हात घालून चालली पाहिजेत. दर शंभर रुग्णांमागे अठ्ठेचाळीस मृत्यू हा आकडा कमी करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.